फाटा ते अंगण, बावीस मिनिटं

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

मोती गेला. साखळी राहिली, ताटलीतला भाकरीचा तुकडा राहिला. अंगणातून नेला — दारापासून आठ पावलांवर! मी आत मेथी निवडत होते. दिवेलागणही नीट झाली नव्हती. एकदाच केकाटला, आणि मी बाहेर गेले नाही. आतून कडी लावली. बिबट्या असणार हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सासूबाई (मी आत्याबाई म्हणते) खाटेवर पडून, नवरा सेकंड शिफ्टला, आणि मी दाराला पाठ लावून उभी. सगळ्यांना सांगितलंय की मला काही ऐकूच आलं नाही. खरं काय ते इथे लिहून ठेवते, दुसरीकडे बोलायची सोय नाही.

दिशा क्लासहून याच वाटेनं चालत येते. याच वेळेला. आज रविवार म्हणून घरात होती. आज रविवार म्हणून!

१० नोव्हेंबर

फॉरेस्टचे मंगळू येऊन गेले. सुरगाण्याकडचे आहेत, शांत माणूस. अंगणात उकिडवे बसून मातीतला ठसा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मादी हाये, ताई." जशी काही पाहुणी आली!

पिंजऱ्याचं विचारलं. तालुक्यात मागणी फार, नंबर लागेल तेव्हा. तोवर अंगणात लाईट, संध्याकाळी एकट्यानं फिरायचं नाही, आवाज करत राहायचं. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली — "एकच आवाज रोज नका लावू. जनावर चार दिवसांत ओळखतं. मग भीत नाय. बदलत राहा."

मी मान डोलावली. 

१२ नोव्हेंबर

वाट अशी — हायवेच्या फाट्यावर दिशा बसमधून उतरते. तिथून कालव्याचा पूल. पुलापासून दोन्हीकडे ऊस, डोक्याच्या वर दोन हात. मग सावळीराम भाऊजींचा गोठा, मग आमची विहीर, मग जांभूळ, मग अंगण. बावीस मिनिटं. आज दुपारी घड्याळ लावून चालून बघितलं. दुपारी सुद्धा मागे वळून वळून मान आखडली.

काल आणि आज तिला आणायला गेले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात लोखंडी तवा, तव्यावर उलथणं आपटत. दिशाचं हसून हसून पोट दुखलं. "मम्मी, बिबट्याला वाटेल डोसे चाललेत."

आज परत आलो तर आत्याबाई खाटेखाली. खुब्याचं हाड अजून धरलेलं नाही आणि पाण्याचा तांब्या घ्यायला वाकल्या. पाऊण तास फरशीवर पडून होत्या. रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "लय हाका मारल्या गं. मग म्हटलं, पोरगी येऊंदे आधी."

म्हणजे मला जाता येणार नाही. माणसं दोन आणि मी एक.

ह्यांना रात्री फोनवर सांगितलं. "महिनाभर क्लास बंद कर तिचा." दिशानं फोन हिसकावून घेतला — "पप्पा, बारावी आहे! महिनाभर म्हणजे सगळंच बंद!" शेवटी शनिवारपर्यंत घरी राहायला कशीबशी कबूल झाली. सावळीराम भाऊजी त्या वेळेला डेअरीला दूध घालायला जातात, उलट्या दिशेला. दुसरं कुणी नाही. ह्यांची शिफ्ट बदलून मिळत नाही, दोनदा विचारून झालं.

दिशाला भीती वाटतच नाही. वाटत नाही की दाखवत नाही, देव जाणे. माझ्या वाट्याची आणि तिच्या वाट्याची दोन्ही मीच भिते.

१३ नोव्हेंबर

सावळीराम भाऊजींच्या गोठ्यात दिवसभर लावण्या लागलेल्या असतात, म्हशी दूध बऱ्या देतात म्हणे. काल बिबट्या त्याच गोठ्याच्या भिंतीवर बसला होता. गाणं चालू होतं! भाऊजी सांगत होते, "असं शेपूट हलवीत बसली व्हती वहिनी, पुढच्या रांगेत तिकीट काढल्यावानी." सगळे हसले. मी पण हसले. घरी येऊन आधी कडी लावली.

म्हणजे गोड आवाज उपयोगाचा नाही, आणि रोजचा तर नाहीच.

मग माहेरी ज्ञानेशदादाला फोन केला. नाशिकमध्ये द्वारका चौकात आमचं दुकान होतं, कॅसेट भरून देण्याचं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं, आम्ही कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. अकरावीपासून लग्नापर्यंत मी त्या काउंटरला बसले. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. शेवटचं गाणं मधेच तुटलं तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. कुठलं गाणं कुठे बसतं ते मला घड्याळ न बघता कळायचं.

हेवी मेटल भरून न्यायला इंजिनिअरिंगची पोरं यायची. लांब केस, काळे शर्ट, छातीवर कवट्या, आणि बोलायला इतकी गरीब की "ताई, जमेल का?" एवढंच. भरता भरता माझ्या कानावर पडायचं. पडता पडता आवडायला लागलं. मग इतकं आवडलं की दुकान बंद करताना शटर अर्धं ओढून एक गाणं मोठ्यानं लावायचे. स्थळ आलं तेव्हा विचारलं, मुलीला गाण्याची आवड? दादा म्हणाला, भावगीतं. एकवीस वर्षं झाली, भावगीतंच चालू आहेत.

दादाला म्हटलं, दुकानातला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा आहे का अजून? म्हणाला, "लती, काय मंडळ काढतेस का?" मी रडायला लागले. मग तो म्हणाला, शनिवारी घेऊन येतो.

१५ नोव्हेंबर

दादा सगळं घेऊन आला. अ‍ॅम्प्लिफायर माजघरात, तिथून वायर झाडाझाडांवरून विहिरीपर्यंत, आणि भोंगा विहिरीजवळच्या खांबावर, तोंड पुलाकडे. विहीर बरोबर वाटेच्या मध्यावर, ऊस पण तिथेच सगळ्यात दाट. फोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा, बटण दाबायचं, बस.

ट्रायल घेतली. पहिलंच गाणं लागलं आणि विहिरीवरचे सगळे पारवे उडाले. आत्याबाई खाटेवरून, "कोण गेलं गं?"

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर यादी. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाईला वेड लागलं — मांडीवर वही, कानात हेडफोन, एका डोळ्यानं खिडकीबाहेर ऊस.

ठरवलं असं. बावीस मिनिटं. सत्तरीपासून आजपर्यंत सहा दशकं. प्रत्येक दशकाचं एक गाणं. एकाचा आवाज दुसऱ्यासारखा लागता कामा नये, म्हणजे त्या जनावराला ओळख पटणार नाही. माझं म्हणजे सगळं शास्त्रशुद्ध!

अवघड काम आहे. चांगलं ते सगळं सात-आठ मिनिटांचं, छोटं ते पोचट. सत्तरीला सुरुवातीलाच देवळातल्यासारखी घंटा आहे, लांबून, गार. मग गिटार येते ती जात्यासारखी सावकाश, जड. हे ठरलंच. ऐंशीला दोन गिटारी एकमेकींच्या पुढे पळतात ते, पाच मिनिटांचं, पण शेवट कापला तरी चालेल. नव्वदीला तर मी काउंटरलाच होते, तिथे माझे पाय अडकले. बारा गाणी काढली, एक ठेवायचं. ज्याची बासरीसारखी सुरुवात फसवते आणि मग माणूस घशातून गुरगुरतो ते ठेवलं. गुरगुरण्याला गुरगुरणं.

दोन हजारनंतरचं मला फारसं माहीत नाही. संसार होता. ते आज पहिल्यांदा ऐकलं. फिनलंडची एक बाई गाते, देवळाच्या गाभाऱ्यात गावं तशी, आणि मागे सगळं कोसळत असतं. डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं होऊन गेलं आणि मला कुणी कळवलं पण नाही!

त्याच्या पुढच्या दशकाला मंगोलियाचे घोडेवाले, दोन आवाज एका गळ्यातून काढणारे. शेवटचं दिशाचं. ती म्हणाली, "आत्ताचं मी निवडणार, तुझं सगळं म्हाताऱ्यांचं आहे."

एकवीस मिनिटं पन्नास सेकंद. अजून हात गेला नाही माझा.

१७ नोव्हेंबर

सहा वाजून चौदा मिनिटांनी दिशाचा मिस कॉल. बटण दाबलं. घंटा वाजली, आणि मी दारात उभी राहिले, तवा हातात होताच.

मला दिसत काही नाही, ऊसच ऊस. पण गाण्यावरून कळतं. घंटा संपली म्हणजे पूल. दोन गिटारी म्हणजे गोठा. गुरगुर म्हणजे विहीर — तिथे माझा जीव नुसता टांगलेला. ती बाई गायला लागली म्हणजे विहीर मागे पडली. मंगोलिया म्हणजे जांभूळ. आणि दिशाचं गाणं लागलं तेव्हा दिशा दिसली. दप्तर एका खांद्यावर, मान हलवत, नाचत येत होती बया.

मी आत जाऊन तोंड धुतलं.

१८ नोव्हेंबर

आली. सुखरूप.

२० नोव्हेंबर

मंगळूंनी सांगितलंय, आवाज बदला. म्हणून आता रोजची यादी वेगळी. सोमवारची, मंगळवारची, अशा सहा याद्या केल्या. छत्तीस गाणी झाली असती, पण पहिलं गाणं मी बदलत नाही. घंटेचं तेच.

दुकानातली सवय. कुठलीही कॅसेट भरताना आधी एकच ठरलेला तुकडा लावून लेव्हल बघायची, काटा कुठे जातो ते. त्यावरून मशीन ठीक आहे की नाही कळतं. दादा ओरडायचा, रोज तोच तुकडा ऐकून गिऱ्हाईक पळेल! पण त्याशिवाय माझा हात पुढे जात नसे. आता पण नाही जात. घंटा नीट वाजली की वायर ठीक, भोंगा ठीक, पुढची वीस मिनिटं ठीक.

दिशाला पण तेच हवं. "घंटा वाजली की मला कळतं तू आहेस. मग मी निघते."

बाकी पाच रोज वेगळी आहेत. तेवढं पुरे.

२४ नोव्हेंबर

आजचं लिहून ठेवते.

ती गोठा ओलांडून पुढे आली असेल, दुसरं गाणं संपत आलेलं, आणि लाईट गेली. सगळं गप्प! इतकं गप्प की आत्याबाईंचा श्वास ऐकू येत होता. मी अंगणाच्या कडेपर्यंत पळाले आणि तिथून पाय उचलेना. आईचे पाय असे! हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज नाही. मोतीच्या वेळी कडी लावली तशीच आत कुठेतरी लागली.

आणि मग उसातून गुरगुर ऐकू आली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खरंच खाली बसले.

दिशा होती! तिसरं गाणं, गुरगुरणाऱ्याचं, ती स्वतः म्हणत होती. घसा फाडून. चुकीच्या शब्दांत, पण ताल बरोबर. पूर्ण म्हणत आली जांभळापर्यंत. मला बसलेली बघून म्हणाली, "काय गं, लिस्ट अर्धवट ठेवायची नसते, तूच म्हणतेस ना."

तिला मारलं मी. पाठीत एक धपाटा. मग दोघी हसलो, मग मीच रडले.

उद्या दादा बॅटरी पाठवतोय, ट्रकवरची. लाईट गेली तरी चालेल.

२७ नोव्हेंबर

सावळीराम भाऊजी तक्रार घेऊन आले. "वहिनी, काय लावता काय! म्हैस आटली माझी." मी विचारलं, "बिबट्या आला का परत गोठ्यावर?" म्हणाले, "नाय, ते बाकी खरं. तेव्हाधरनं नाय आला." मग चहा पिऊन गेले. जाताना, "ते घंटावालं बरं हाय त्यातल्या त्यात."

आत्याबाईंना पण घंटावालंच आवडतं. सहाला विचारतात, "झाली का गं आरती?" घंटेला हात जोडतात. मी काही सांगत नाही. ती आरती सैतानाची आहे हे त्यांना कळलं तर हात जोडलेलेच राहतील.

२ डिसेंबर

मंगळू सहज डोकावले. सगळ्या शिवारात पंधरा दिवसांत एक कोंबडी गेलेली नाही. "तुमचा भोंगा भारी हाये, ताई. वरच्या गावातले विचारतात, काय लावता म्हणून." एवढं बरं वाटलं! बोर्डात नंबर आल्यासारखं. त्यांना याद्या दाखवल्या. सहा वार, सहा दशकं. गंभीरपणे वाचल्या. "रोज निराळं ना?" मी म्हटलं, रोज निराळं.

पहिल्याचं सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय?

रात्री जेवताना दिशा म्हणाली, "विहिरीपाशी कोण राहायला आलंय का? मस्त भाताचा वास येतो. आंबेमोहोर शिजल्यासारखा. दोन-तीन दिवस झाले, तिथे आलं की भूक लागते." मी म्हटलं, उसतोडीवाले आले असतील कुणाकडे. ती म्हणाली, असतील.

६ डिसेंबर

रोज एक गोष्ट होते. सहापर्यंत मी चांगली असते. भाकरी करते, आत्याबाईंचे पाय चोळते, नवीन गाणी ऐकते. शुक्रवारच्या यादीत ब्राझीलची एक टोळी घातली, ढोल असे की नाशिक ढोलवाल्यांनी ऐकावेत. आणि सहा वाजले की हाताला घाम. लोकांना वाटतं सवय होईल. भीतीची सवय होत नाही. होते ती बटण दाबायची.

९ डिसेंबर

थंडी मरणाची. सकाळी गवतावर पांढरं पडलं होतं. दिशा कानटोपी घालून आली म्हणून चटकन ओळखलीच नाही — मला वाटलं दुसरंच कुणी, दुसऱ्याच कुणाच्या अंगावर माझ्या पोरीचं दप्तर. काय काय सुचतं.

१५ डिसेंबर

आपल्या उसाला तोड आली. टोळी पुलाच्या बाजूनं लागली. दोन दिवसांत पुलापासून गोठ्यापर्यंतचा बराचसा ऊस आडवा होईल, मग विहिरीकडचा. चार दिवसांनी मला दारातून थेट फाटा दिसेल! ह्यांना म्हटलं, मग भोंगा दादाला परत देऊ. बोलताना जरा वाईटच वाटलं. यादीचं. त्या जनावराचं नाही.

१७ डिसेंबर

नीट लिहायचं आहे. एकेक करून.

दुपारी अडीचला विहिरीकडून ओरडा. टोळीतली नवसाबाई कोयता टाकून पळत आली. सगळे पळत गेलो. हे पण होते घरी, शिफ्टला निघायचे होते, दिशा क्लासला.

भोंग्याच्या खांबापासून मी मोजली — पाच पावलं. उसाच्या पाचटात दोन पिल्लं. मांजराएवढी. डोळे उघडलेले, निळसर. एकमेकांवर पाय टाकून झोपलेली होती, लोकांच्या आवाजानं जागी झाली आणि फिसकारली. एवढासा जीव, केवढा राग!

मंगळू अर्ध्या तासात आले. "तीन आठवड्यांची. इथंच झालीत." इथेच म्हणजे इथेच. भोंग्याखाली. माझ्या सगळ्या याद्या ऐकत.

मी म्हटलं, पण आवाज? एवढा आवाज! तिला भीती नाही वाटली?

त्यांनी आधी वर भोंग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आवाजाच्या आड राहिली ती, ताई. तुमच्या भोंग्याला कुत्रं येत नाय, दुसरा वाघ येत नाय, माणूस थांबत नाय. माणूस फक्त वाटेनं जातो. यापेक्षा चांगली जागा कुठं?"

मग त्यांनी खांबाजवळचं पाचट उचलून हुंगलं आणि दिशापुढे धरलं. दिशा म्हणाली, "अरे, हाच! भाताचा!" ते म्हणाले, "आमच्याकडं पोरंपण ओळखतात. ती मुतून जागा धरते, त्याचा वास. हा वास आला की ती लांब नसते."

दिशाचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला. माझा हात धरला, लहान होती तेव्हा धरायची तसा, दोन बोटं.

तीन आठवडे. रोज संध्याकाळी माझी पोरगी त्या बाईच्या घरावरून चालत गेली. पाच पावलांवरून. नाचत.

मंगळूंनी तोड थांबवली. विहिरीकडचा राहिलेला ऊस आणि पुलाजवळची एक पट्टी उभीच राहू द्यायची. पिल्लांना क्रेटमध्ये ठेवून क्रेट त्याच जागी, समोर कॅमेरा. आई येते आणि घेऊन जाते. आली नाही तर? "मग अवघड." आणि मला म्हणाले, "ताई, रोज जे करता ते आज पण करा. एकदम शांत झालं तर ती बिचकेल."

म्हणून सव्वासहाला बटण दाबलं. दिशा घरात, हे घरात, आत्याबाई खाटेवर, सगळी दारं बंद. रोज मागायचे ते, की येऊ नकोस. आज मागत होते, ये गं बाई. ने तुझी. घंटा वाजली तेव्हा आत्याबाईंबरोबर मी पण हात जोडले.

बुधवारची यादी पूर्ण वाजली. कुणी जेवलं नाही.

१८ डिसेंबर

क्रेट रिकामं! दोन्ही नेली! मंगळूंचा फोन पहाटे. ते तिकडून कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन परस्पर दुसऱ्या गावी गेले, तिथे कुणाच्या शेळ्या गेल्यात. म्हणाले, आता ती इथं थांबायची नाय बहुतेक, माणसांचा हात लागला की जागा बदलते. बहुतेक!

कुठे बदलते, विचारलं. ते कसं सांगणार.

हे सुट्टी टाकून राहिले, दिशाला गाडीवर आणलं. उद्यापासून सावळीराम भाऊजी सव्वासहाला फाट्यावर थांबणार. दूध आधी घालून येतो म्हणाले. त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. डोळे भरून आले माझे.

क्लासच्या दिवशी पहिल्यांदाच गाणं लावलं नाही. घर कसंतरीच वाटलं.

१९ डिसेंबर

साडेपाच. मंगळूंनी आत्ता कॅमेऱ्याचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलंय, "ताई हे बघा. मग फोन करतो."

बघितला. क्रेट. ऊस. काही हलत नाही. बराच वेळ. मग घंटा — आपली घंटा. तिसरा ठोका पडायच्या आत ती आली. दबकत नाही, थांबत नाही. जेवायला हाक मारल्यावर यावं तशी, मान खाली घालून, सरळ वाटेनं. पुलाकडून.

पुन्हा बघितला. पुन्हा. पाच गाणी मी रोज बदलली. पहिलं बदललं नाही. तिला घंटा कळत होती. घंटा वाजली की ती पुलाकडून पिल्लांकडे निघायची. आणि घंटा वाजली की दिशा पुलाकडे निघायची. रोज. मी दोघींना एका वेळी एका वाटेवर बोलावत होते. आणि ती रोज माझ्या पोरीला जाऊ देत होती.

आता नाही लावणार. कधीच नाही. सव्वासहाला भाऊजी आहेत फाट्यावर.

सहा वाजून तीन. दिशाचा फोन. बस लवकर आली, भाऊजी आले नव्हते, म्हणून निघाले मी, पूल ओलांडला. आवाज वेगळाच तिचा, बारीक. "मम्मी, घंटा का नाही लावलीस? लाव ना. इथे पुलापाशी भाताचा वास येतोय."